पार्श्वभूमी : दातांच्या कामातलं सक्शनवालं माउथपीस

खुर्चीत आडवं पडलेल्या पेशंटच्या तोंडात पाणी साचतं. बोलता येत नाही, म्हणून तो हात वर करतो. खुर्ची सरळ होते, तो पिकदाणीत थुंकतो, ‘मन्हा तोंडमा पानी भरी गयं’ म्हणतो आणि पुन्हा आडवा होतो. तेवढ्यात मेहनतीने कोरडा केलेला दात परत ओला झालेला असतो. पेटंट घेतलेलं सक्शनवालं माउथपीस या अडचणीवरचा उपाय म्हणून आलं. ते मऊ प्लास्टिकचं असतं. त्याचा एक ठोकळा काम नसलेल्या बाजूच्या दाढांमध्ये बसतो आणि तोंड उघडं धरतो. एक पडदा जीभ आणि गाल बाजूला सारतो व घशाच्या वाटेवर आड येतो. कडेच्या भोकांमधून पाणी आणि थुंकी ओढली जाते. वरच्या आणि खालच्या जबड्याची एक अख्खी बाजू एकदम मोकळी होते.

तोंडातल्या ओलीशी दंतवैद्यांचं भांडण जुनं आहे. दाताभोवती रबराचा पातळ पडदा ताणून बसवायची युक्ती, म्हणजे रबर डॅम, न्यूयॉर्कच्या एका दंतवैद्याने १८६४ मध्ये काढली आणि पेटंट न घेता सगळ्यांना मोकळी करून दिली. त्याच वर्षी अमेरिकेत कवळीच्या कडक रबरावर मात्र पेटंट मिळालं. ते ज्या कंपनीच्या हाती होतं तिने दंतवैद्यांकडून परवाना शुल्क घेतलं, न देणाऱ्यांना कोर्टात खेचलं. १८७९ मध्ये अशाच एका दंतवैद्याने कंपनीच्या अधिकाऱ्याला गोळी घातली. पेटंट म्हटलं की या धंद्यातली जुनी मंडळी कपाळाला आठी घालतात, त्याचं मूळ इतकं मागे जातं.

पुढची सत्तर-ऐंशी वर्षं कापसाच्या सुरळ्या आणि गळासारखी वाकडी बारीक नळी यांवर निघाली. खरी गरज निर्माण केली ती दात कोरणाऱ्या एअरोटरने. १९५७ मध्ये हवेवर फिरणारं, मिनिटाला सुमारे तीन लाख फेऱ्यांचं यंत्र बाजारात आलं. इतक्या वेगात दात तापतो, म्हणून पाण्याचा फवारा बंधनकारक झाला. मिनिटाला ५० मिलीलीटरच्या आसपास पाणी तोंडात पडू लागलं. बसून काम करायची पद्धत रुजली, पेशंट आडवा झाला आणि ते पाणी थेट घशाकडे जाऊ लागलं. त्यातून रुंद तोंडाचं जोरदार सक्शन आलं आणि ते धरायला असिस्टंट लागू लागला. परदेशातल्या पुस्तकांनी याला चार हातांची दंतचिकित्सा म्हटलं. आपल्याकडे खानदेशात चोपडा, शिरपूर, शहादा अशा तालुक्याच्या गावी हे चार हात नेहमीच मिळतात असं नाही. जो एक मुलगा किंवा मुलगी मदतीला असते तीच नंबर लावते, हत्यारं उकळते, फोन घेते. डॉक्टरच्या एका हातात आरसा, दुसऱ्यात एअरोटर. माउथपीसचं मोल मला इथे दिसतं, ते तिसरा हात बनतं.

त्यात भरायचं सामान बदललं. चांदी थोडीफार ओल सोसायची. दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट सोसत नाही. ते चिकटावं म्हणून आम्लाने खरवडलेल्या दाताच्या पृष्ठभागाला थुंकी लागली की पकड गेली, आणि काही महिन्यांत कडेने काळी रेघ दिसू लागते. या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सक्शन, जीभ-गालाचा आडोसा, तोंड उघडं धरणारा ठोकळा आणि आतून उजेड हे सगळं एकाच वस्तूत आणून पेटंट घेतलं गेलं. पुढे बिनउजेडाचं रूप आलं, आणि ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने जंतू मारणाऱ्या भांड्यात, टाकून पुन्हा वापरता येणारी माउथपीसही आली.

माउथपीस रबर डॅमची जागा घेऊ शकतं का, या वादात घोळ आहे तो ‘आयसोलेशन’ या शब्दाचा. मार्च २०२० नंतर हा शब्द घरोघरी पोहोचला तो विलगीकरणाच्या अर्थाने. पण दंतवैद्यांच्या आपसातल्या बोलण्यातही या एकाच शब्दात दोन वेगळी कामं कोंबलेली आहेत. एक काम दात कोरडा ठेवण्याचं. दुसरं काम दात तोंडापासून तोडण्याचं, म्हणजे थुंकीतला जंतू आत जाऊ नये आणि दातातलं काही तोंडात पडू नये याची खात्री करण्याचं. रबर डॅम दोन्ही करतो. माउथपीस पहिलं उत्तम करतं, दुसरं अर्धवट. जाहिरातीत मात्र दोन्हींना आयसोलेशनच म्हणतात आणि वाचणारा गृहीत धरतो की आता रबर डॅम गेला.

साध्या फिलिंगमध्ये हा फरक तितका बोचत नाही. २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये जगभरच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला. रबर डॅमखाली भरलेले दात कापसाच्या सुरळीपेक्षा जास्त टिकत असावेत असं त्यात निघालं, पण पुरावा कच्चाच ठरला. तेव्हा फिलिंगसाठी माउथपीस वापरणाऱ्याला नावं ठेवायचं कारण नाही. रूट कॅनॉलची गोष्ट निराळी. १९६५ मध्ये जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या दातांची नस उघडी केली, तर ती भरून आली. साध्या उंदरांची मेली. म्हणजे नस मरते ती जंतूंमुळे, आणि ते तर थुंकीत भरलेले. शिवाय दोन बोटांत धरलेली बारीक फाइल, म्हणजे दाताची नळी साफ करायची सुई, निसटली तर ती घशात किंवा श्वासनळीत जाऊ शकते. जंतू मारायला आत सोडायचं हायपोक्लोराइट सांडलं तर तोंड भाजतं. ओढणारी हवा या धोक्यांची भिंत होऊ शकत नाही. रूट कॅनॉलला रबर डॅमच हवा, यावर मी तडजोड मान्य करणार नाही. ‘कोरडं राखणं’ आणि ‘तोडणं’ असे दोन शब्द वापरले असते तर अर्धा वाद उरलाच नसता.

पेटंटबद्दलही गैरसमज आहेत. पेटंट म्हणजे दर्जाची हमी नव्हे. ते ज्या देशात घेतलं तिथेच चालतं आणि अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांनी संपतं. भारताच्या १९७० च्या कायद्यात उपचाराच्या पद्धतीला पेटंट मिळत नाही, उपकरणाला मिळू शकतं. त्यामुळे कॅटलॉगमध्ये सारख्या दिसणाऱ्या दोन माउथपीसांपैकी एक नक्कलच असेल असं नाही.

कोरोनाच्या काळात एअरोटरच्या तुषारांची धास्ती बसली आणि जोरदार सक्शनला अचानक महत्त्व आलं. पण माउथपीस स्वतः काही ओढत नाही, मागची मोटर ओढते. लहान कॉम्प्रेसरवर चालणाऱ्या खुर्चीला ते जोडलं तर आवाज भरपूर आणि ओढ बेताची. वीज गेली की इन्व्हर्टरवर दिवा राहतो, मोटर राहत नाही. भारनियमनाची वर्षं काढलेल्या आपल्या भागाला हे वेगळं सांगायला नको.

आणखी एक अडचण आपल्या खुर्चीत रोज बसते. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी सुपारीने आखडलेली तोंडं येतच असतात. निरोगी माणसाचं तोंड साधारण ४० मिलिमीटर उघडतं, स्वतःची तीन बोटं उभी आत जातात. सुपारीवाल्याची दोन जातात, कधी एकच. दाढांमध्ये ठोकळा बसायला जागाच नसेल तर सर्वांत लहान मापाचं माउथपीसही आत जात नाही. अशा पेशंटला आधी बोटं घालून दाखवायला सांगावं, माउथपीसचं पाकीट नंतर फोडावं.