अबशालोमाच्या केसांचं वजन

दावीद राजाचा मुलगा अबशालोम वर्षाअखेरीस केस कापायचा आणि ते राजाच्या मापाने २०० शेकेल भरायचे, असं बायबल सांगतं. शेकेल साधारण ११.४ ग्रॅमचा. म्हणजे सव्वादोन किलोच्या वर केस! पुढच्या ज्यू धर्मपंडितांनी तर अबशालोमाला आजन्म नाजीर ठरवलं. नाजीर म्हणजे देवाला वाहून घेतल्याचं व्रत धरलेला माणूस. त्याला द्राक्षारस तर नाहीच, द्राक्षाची सालही वर्ज्य; प्रेताजवळ जायचं नाही, मग ते आईबापाचं का असेना; आणि डोक्याला वस्तरा लावायचा नाही (आजन्म नाजीराला मात्र केस जड झाले की हलके करायची मुभा होती). मुदत बोललेली नसेल तर व्रत ३० दिवसांचं. फिटलं की डोकं मुंडायचं आणि केस अर्पणाखालच्या अग्नीत टाकायचे.

आता खरी गंमत केसाची. त्वचेखाली केसाच्या मुळाशी पेशी सतत विभागत असतात. नव्या पेशी जुन्यांना वर ढकलतात, वर सरकताना त्या केराटिन नावाच्या प्रथिनाने भरतात, टणक होतात आणि मरतात. बाहेर दिसतो तो सगळा केस मेलेलाच. प्रेताला न शिवणारा नाजीर डोक्यावर मेलेल्या पेशींचा भारा घेऊन हिंडतो! वाढीचा वेग महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर, म्हणजे ३० दिवसांच्या नाजीराने जाळायचे ते व्रतातले केस बोटाच्या पेराएवढेही नसत.

आता हिशेब. डोक्यावर अंदाजे १ लाख केस, जाडी ०.०७ मिलिमीटर, वर्षाची वाढ १२ सेंटिमीटर, घनता पाण्याच्या १.३ पट. गुणाकार केला की येतात जेमतेम ६० ग्रॅम. केस दीडपट जाड धरले तरी १३५. सव्वादोन किलोला एका वर्षाची वाढ पुरणं शक्यच नाही. बरं, साठवून वाढवावेत म्हटलं तरी एक केस दोन ते सहासात वर्षं वाढतो, मग मूळ विश्रांती घेतं आणि तो गळतो. आजन्म नाजीराच्या केसांनाही ही मर्यादा होतीच. २०० हा आकडा राजपुत्राच्या रुबाबाचा, तराजूचा नव्हे.

त्यामानाने शमशोनाची, म्हणजे केसांत ताकद असलेल्या बायबलमधल्या दुसऱ्या नाजीराची, गोष्ट एका बाबतीत चोख आहे. ताकद केसांत असते हे सोडून द्या, तेलाच्या जाहिराती आजही तेच विकतात. पण त्याची प्रेयसी दलीला हिने डोकं मुंडवल्यावर तुरुंगात त्याचे केस पुन्हा वाढू लागले, हे अगदी बरोबर. वस्तरा फक्त मेलेला भाग कापतो, मुळापर्यंत पोचतच नाही. म्हणूनच जावळ काढल्याने केस दाट येत नाहीत. कापलेलं टोक बोथट असतं, ते हाताला राठ लागतं, इतकंच.