परामानसशास्त्र आणि विद्यापीठं

टेलिपथी, अतींद्रिय ज्ञान, पुढचं आधीच कळणं, नुसत्या मनाने वस्तू हलवणं, असल्या दाव्यांची प्रयोग करून तपासणी म्हणजे परामानसशास्त्र. विद्यापीठात हे सायन्स म्हणून चालवावं का हा वाद जुना आहे, आणि गंमत म्हणजे त्यात भुताखेतांपेक्षा आकडेमोडीवरूनच जास्त जुंपते.

सुरुवात साधारण अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या जे. बी. राइन यांच्यापासून धरतात. पद्धत एकदम साधी, २५ पत्ते, पाच चिन्हं (वर्तुळ, अधिक, नागमोडी रेघा, चौकोन, चांदणी), एकाने पत्ता बघायचा आणि दुसऱ्याने ओळखायचा, नुसतं ठोकून दिलं तरी सरासरी ५ बरोबर येतातच, म्हणजे सतत त्याच्या वर गेलं तरच काहीतरी आहे म्हणायचं. १९३४ मध्ये राइननी निकाल छापले, बराच गवगवा झाला, मग लोकांनी पत्ते हातात घेऊन पाहिले तर काही पत्त्यांवरचं चिन्ह ठराविक उजेडात मागूनच दिसायचं! झालं, तिथून पुढे सगळं लक्ष पळवाटा बुजवण्याकडे.

तरी दारं बंद झाली नाहीत. १९६९ मध्ये परामानसशास्त्रज्ञांच्या संघटनेला अमेरिकेतल्या मोठ्या विज्ञान संस्थेचं संलग्न सदस्यत्व मिळालं, १९७९ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉन व्हीलर म्हणाले यांना बाहेर काढा, पण काढलं नाही. अमेरिकेतल्याच प्रिन्स्टन विद्यापीठातली असल्या दाव्यांची लॅब १९७९ ते २००७ चालली. स्कॉटलंडच्या एडिंबरो विद्यापीठात लेखक आर्थर कोस्लर यांच्या मृत्युपत्रातल्या पैशातून या विषयाचं १९८५ मध्ये चक्क प्राध्यापकपद आलं.

फजितीही झाली. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या लॅबमध्ये जेम्स रँडी या जादूगाराने दोन पोरं 'शक्तीवाले' म्हणून घुसवली, ती हातचलाखीने चमचे वाकवत होती आणि संशोधक खूश. वैज्ञानिकाला निसर्ग मुद्दाम फसवत नाही, माणूस फसवतो, म्हणून असल्या लॅबमध्ये एक जादूगार पगारावर हवाच असं माझं मत.

माझ्या मते खरा मुद्दा २०११ मध्ये समोर आला. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ डॅरिल बेम यांनी हजारावर लोकांवरचे नऊ प्रयोग नामांकित मानसशास्त्र जर्नलमध्ये छापले, त्यातल्या एकाचा सूर असा की आधी शब्द आठवायची टेस्ट द्या, त्यातल्या काही शब्दांचा सराव नंतर करा, तरी नेमके तेच शब्द टेस्टमध्ये जास्त आठवलेले असतात!! तीन संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा केला, काही मिळालं नाही, आणि त्याच जर्नलने आम्ही रिपीट प्रयोग छापत नाही म्हणून तो परत पाठवला. आता बेम यांनी वापरलेलं स्टॅटिस्टिक्स तर अख्खं मानसशास्त्र रोज वापरत होतं, मग दोष टेलिपथीवाल्यांचा की सगळ्यांचाच? म्हणून वेगळी डिग्री नको, पण प्रयोगपद्धतीच्या वर्गात हा विषय जरूर हवा. प्रयोगाआधीच आपला अंदाज लिहून नोंदवायचा ही पद्धत परामानसशास्त्राच्या एका युरोपियन जर्नलने १९७०च्या दशकातच सुरू केली होती, बाकीच्या मानसशास्त्रात ती रुळायला २०१०च्या पुढचं दशक उजाडलं.