माजी सैनिक संघ, खानदेश

जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत सेनादलांतून निवृत्त झालेल्यांनी गाव, तालुका किंवा जिल्हा पातळीवर चालविलेल्या संघटनांचे सर्वसाधारण नाव. धारातीर्थी पडलेल्या साथीदारांचे स्मरण, त्यांच्या कुटुंबांची विचारपूस आणि पलटणीतील रीतिरिवाजांचे जतन ही यांची मुख्य कामे. पेन्शन, कॅन्टीन, दवाखाना यांबाबतची मदतही संघ करतात. पण ती सर्वत्र सारखीच असल्याने येथे तिचा विस्तार केलेला नाही.

संज्ञा : मृत जवानासाठी बोलीत ‘शहीद’ हा शब्द रूढ असला, तरी सेनादलांच्या कागदपत्रांत ती अधिकृत संज्ञा नाही, तेथे युद्धातील हानी अशा अर्थाची नोंद होते. ‘हुतात्मा’ हा शब्द खानदेशात मुख्यतः स्वातंत्र्यलढ्याशी जोडलेला आहे. नंदुरबार येथे ९ सप्टेंबर १९४२ रोजी गोळीबारात मरण पावलेले शिरीषकुमार मेहता व त्यांचे चार साथीदार यांच्यामुळे तो अर्थ पक्का झाला. दोहोंचा घोळ टाळण्यासाठी नामफलकावर ‘वीरगती प्राप्त’ असे कोरणे अधिक सोयीचे. पत्नीसाठी वीरपत्नी आणि वीरनारी असे दोन्ही शब्द चालतात.

उगम : याविषयी तीन मते आढळतात. पहिले मत ही परंपरा वीरगळापर्यंत (लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेला कोरीव दगड) मागे नेते. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरांसह स्वर्गारोहण आणि वर शिवलिंगाची पूजा, अशी वीरगळाची सामान्य मांडणी असते. होळीच्या सुमारास घराण्यातील ‘वीर’ वाजतगाजत नेण्याची चालही याच मताच्या पुष्ट्यर्थ सांगितली जाते. मात्र वीर हा कुळाचा असतो आणि त्याची पूजा वारस करतात. संघाचा मृत साथीदार पलटणीचा असतो, त्याला रक्ताचे नाते लागत नाही. त्यामुळे साम्य भावनेचे दिसते, संस्थेचे नव्हे.

दुसरे मत भिल्ल कोअरचे. लेफ्टनंट जेम्स आऊट्रम याने १८२५ मध्ये ही पलटण उभारली व तिचे ठाणे धरणगाव येथे होते. सातपुडा-सातमाळ्यातील भिल्लांशी चकमकी करून भागेना, तेव्हा त्यांतल्याच लोकांना कवायत शिकवून खजिन्याचे पहारे व बंदोबस्त सोपवावा, असा इंग्रजी राज्यकर्त्यांचा हेतू होता. गणवेशातील सलग नोकरी, हजेरीपट आणि परेड या गोष्टी खानदेशात कोअरमुळे रुजल्या, हे नाकारता येत नाही. तरीही आजच्या संघांची वंशावळ तेथपर्यंत जोडणे अवघड आहे. कोअरचे काम पुढे पोलिसी वळणावर गेले. शिवाय १८५७-५८ च्या उठावात ती इंग्रजांकडे राहिली, तर सातपुड्यात खाज्या नाईक व भीमा नाईक हे भिल्ल नेते विरुद्ध बाजूला होते. अंबापाणीच्या लढाईची (१८५८) स्मृती ज्या पट्ट्यात जागी आहे, तेथे कोअरचा वारसा कोणी मिरवत नाही.

तिसरे मत प्रशासकीय व रुक्ष आहे, परंतु तेच अधिक ग्राह्य वाटते. पहिल्या महायुद्धानंतर सुटून आलेल्या शिपायांसाठी १९१९ मध्ये ‘इंडियन सोल्जर्स बोर्ड’ स्थापन झाले. १९७५ पासून त्याचे नाव केंद्रीय सैनिक बोर्ड आहे. त्याच व्यवस्थेची जिल्ह्यातील पायरी म्हणजे आजचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. संघांची पत्रव्यवहाराची भाषा, सभासद नोंदवहीचे रकाने (क्रमांक, हुद्दा, रेजिमेंट, भरती व सुटका दिनांक) आणि ७ डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वजदिन हे सारे या कार्यालयाच्या वळणाचे आहे.

स्मरणविधी : मुख्य दिवस २६ जुलै (कारगिल विजय दिवस) व १६ डिसेंबर (१९७१ चा विजय दिवस). मराठा लाइट इन्फंट्रीचे निवृत्त जवान ४ फेब्रुवारी हा मराठा दिनही पाळतात. तो कोंढाणा सर झाल्याची आठवण आहे. विधीचा क्रम ठरलेला असतो. सशस्त्र तुकडी ‘सलामी शस्त्र’ (रायफल समोर उभी धरून मानवंदना) करते व पुष्पचक्र वाहिले जाते. नंतर ‘शोक शस्त्र’ : रायफलीची नळी खाली, दस्ता वर, मान झुकलेली. बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’ ही निरोपाची धून, दोन मिनिटे मौन, मग ‘राउज’ ही जागे करण्याची धून. त्यानंतर पुन्हा सलामी आणि ‘बाजू शस्त्र’ (रायफल पुन्हा बाजूला). हवेत फैरी झाडणे हा अंत्यविधीचा भाग आहे, वार्षिक स्मरणाचा नव्हे.

माजी सैनिक स्वतः शस्त्र धरत नाहीत. तुकडी व बिगुलवाला जिल्हा पोलीस मुख्यालयाकडून मागवावा लागतो. धुळ्यात राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्र. ६ जवळ असल्याने तेथेही मागणी करता येते. अर्ज उशिरा गेला की ध्वनिमुद्रित ‘लास्ट पोस्ट’ लावण्याची पाळी येते आणि चूक हमखास येथेच होते. बऱ्याच मुद्रणांत ‘लास्ट पोस्ट’ व ‘राउज’ यांमध्ये काही सेकंदांचीच फट असते, त्यामुळे मौन सुरू होताच ‘राउज’ वाजते. दोन्ही तुकडे वेगळे करून ठेवणे आणि ज्या मोबाइलवरून ते वाजवायचे त्याचे सिम काढून ठेवणे, हा साधा उपाय. बिगुलाला पडदे नसतात. पाचच स्वर, तेही ओठांच्या ताणावर निघतात. म्हणून डिसेंबरच्या गारठ्यात बिगुलवाला मुखनळी मुठीत धरून ऊब देत उभा असलेला दिसतो. ती गार राहिली तर पहिलाच लांब स्वर फाटतो.

पुष्पचक्र बांबूच्या कामट्यांच्या कड्यावर बांधतात. निव्वळ झेंडूचे केले तर ते जड होते व तिरप्या तिकाटण्यावरून घसरते. तळाला पाने आणि वरच्या अर्ध्या भागात हलकी फुले ठेवावीत. वाहणाऱ्याने ठेवून एक पाऊल मागे यावे, मगच सलाम करावा. डोक्यावर बेरे (गोल लष्करी टोपी) किंवा पगडी असेल तरच हाताने सलाम. उघड्या डोक्याने फक्त सावधान. स्वतःची पदके डाव्या छातीवर, तर वारसाने दिवंगताची पदके उजव्या छातीवर लावण्याचा प्रघात आहे. नाव पुकारताना ‘निवृत्त सुभेदार अमुक’ न म्हणता ‘सुभेदार अमुक (निवृत्त)’ असे म्हणतात. माणूस निवृत्त होतो, हुद्दा नाही.

ध्वज : स्मरणदिनी राष्ट्रध्वज अर्ध्यावर आणणे ही सर्रास होणारी चूक. तो अर्ध्यावर आणण्याचा आदेश शासनाचा असतो. आदेश असल्यास आधी टोकापर्यंत चढवून मग खाली घेतात आणि उतरविण्यापूर्वी पुन्हा टोकाला नेतात. शवपेटीवर केशरी पट्टा डोक्याकडे असतो. ध्वज चितेत जाळत नाहीत वा थडग्यात उतरवत नाहीत. तो घडी करून कुटुंबाकडे देतात : केशरी व हिरवा पट्टा पांढऱ्याखाली दुमडून, अशोकचक्र वर दिसेल असा. १९७१ च्या राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंधक कायद्यानुसार ध्वज पांघरणे केवळ शासकीय, सेनादलांच्या वा निमलष्करी दलांच्या अंत्यविधीतच चालते. त्यामुळे घरी वार्धक्याने वारलेल्या माजी सैनिकाच्या तिरडीवर उत्साहाने तिरंगा घालणे अडचणीचे ठरते. जाणते संघ अशा वेळी त्याची बेरे व पदके उशाशी ठेवतात.

नामफलक : काळ्या ग्रॅनाइटवर कोरून अक्षरांत रंग भरलेला फलक टिकतो. जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. दगड तापून-निवून साधा रंग पोपडे धरतो, म्हणून कोरीव खोल हवे. क्रम हुद्द्याने न लावता वीरगतीच्या तारखेने लावल्यास पुढे नाव वाढविणे सोपे जाते. नाव सेवापुस्तकाप्रमाणे लिहावे. एकाच गावात त्याच नावाआडनावाचे दोघे असतात, तेव्हा सेवा क्रमांकच ओळख पटवतो.

स्थानिक चाली : आखाजीला (अक्षय्य तृतीया) खानदेशात पितरांसाठी मातीची घागर भरतात, घागरीवर खरबूज, सोबत सांजोऱ्या व आंबे. वीरगतीनंतरच्या पहिल्या आखाजीला साथीदारांनी त्या घरी जाणे हा शिष्टाचार. तेथे गणवेश, बिल्ले किंवा भाषण नसते. घागरीला पाणी घालून, जेवून परततात.

नोंदणी : १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली किमान सात सभासद लागतात, महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही नोंद होते. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. तो राहून गेला, की कागदोपत्री जुनेच पदाधिकारी कायम राहतात. त्यांतील एखादा वारलेला असेल तर बँकेतील सह्या अडतात आणि पुष्पचक्राचे पैसे सभासदांच्या खिशातून जातात.