अ‍ॅक्रिलिक रंग फवारताना मास्क लागत नाही, हा गैरसमज

विमानांच्या छोट्या प्रतिकृती एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनासारख्या उपकरणाने, रंगवायला शिकणाऱ्यांना हमखास सांगितले जाते की, अ‍ॅक्रिलिक रंग पाण्यात मिसळतात आणि त्यांना उग्र वास नसतो, म्हणून मास्कची गरज नाही. हा समज चुकीचा आहे. पाण्यात मिसळणाऱ्या रंगातही अन्य द्रावके, म्हणजे रंग विरघळवणारे द्रव, असू शकतात. तामिया या जपानी कंपनीच्या एक्स-२०ए या अ‍ॅक्रिलिक थिनरमध्ये, म्हणजे रंग पातळ करण्याच्या द्रवात, अल्कोहोल असते आणि त्याची वाफ होते. त्याहून मोठा प्रश्न फवाऱ्याचा आहे. ०.३ मिलिमीटरच्या नोझलमधून १५ ते २० पीएसआय (दाबाचे एकक) इतक्या दाबाने निघालेला रंग इतक्या सूक्ष्म थेंबांत फुटतो की, स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या १/७२ मापाच्या प्रतिकृतीच्या पंखावर न बसलेला अंश हवेत तरंगत राहतो आणि त्यातले रंगद्रव्य व ते धरून ठेवणारे रेझिन श्वासाबरोबर फुप्फुसांत जाऊ शकते. साध्या ब्रशने तोच रंग लावताना असा फवारा उडत नाही. एन-९५ मास्क कण अडवतो, वाफ अडवत नाही, त्यामुळे दोन्हींसाठी फिल्टर असलेला आणि चेहऱ्यावर घट्ट बसणारा रेस्पिरेटरच (श्वासाची हवा गाळणारा मुखवटा) घ्यावा. उघड्या खिडकीवर विसंबू नये. हवा घराबाहेर सोडणारा स्प्रे बूथ, म्हणजे पंखा असलेली फवारणीची पेटी, वापरावा. एअरब्रश धुताना थिनर फवारून काढला जातो, तेव्हाही रेस्पिरेटर उतरवू नये. त्या वेळी द्रावकाचे प्रमाण सर्वाधिक असते.