दोई मोईच्या आधीची वीस वर्षे

व्हिएतनामच्या आर्थिक सुधारणांची गोष्ट बहुधा डिसेंबर 1986 पासून सांगतात. कम्युनिस्ट पक्षाचे सहावे अधिवेशन भरले, न्गुएन व्हान लिन सरचिटणीस झाले आणि ‘दोई मोई’ म्हणजे नूतनीकरणाचे धोरण जाहीर झाले. पण नियम मोडायला खालच्या पातळीवरच्या लोकांनी वीस वर्षे आधीच सुरुवात केली होती. जे थांबवता येत नव्हते, त्यावर हनोईने उशिरा शिक्का मारला, इतकेच.

1966 मध्ये हनोईजवळच्या विन फुक प्रांताचे पक्षसचिव किम न्गोक यांनी सामूहिक शेतीची जमीन घराघरांना कसायला दिली. ठरलेला वाटा सोसायटीला, उरलेले धान्य आपले. दोनेक वर्षांत पक्षाने हे बंद पाडले आणि त्यांना आपली ‘चूक’ लेखी कबूल करावी लागली. त्यांच्यावर तुटून पडलेले ज्येष्ठ नेते होते त्रुओंग चिन. हे नाव लक्षात ठेवा.

1975 ला उत्तर आणि दक्षिण व्हिएतनाममधले युद्ध संपले आणि कम्युनिस्ट उत्तरेचा साचा दक्षिणेवर बसवण्यात आला. 1978 मध्ये तिथला खासगी व्यापार मोडून काढला. त्याच वर्षी चीनची मदत थांबली, वर्षअखेरीस व्हिएतनामचे सैन्य कंबोडियात शिरले, अमेरिकेची व्यापारबंदी होतीच. दक्षिणेतल्या मेकाँग नदीच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्याने मात्र साधा हिशेब केला: सरकारी भावात खर्चही निघत नाही, तर घरापुरतेच पिकवू. भाताच्या कोठाराला लागून असलेल्या हो ची मिन्ह शहरात तांदूळ मिळेना. उत्तरेत हनोईत रेशनच्या दुकानापुढे लोक आपल्या नावाच्या विटा ठेवून रांगेत नंबर लावत.

तेव्हा हो ची मिन्ह शहराचे पक्षप्रमुख वो व्हान किएत यांनी धान्य खात्यातल्या बा थी या बाईंना थेट मेकाँगमध्ये पाठवले. त्यांनी सरकारी दराच्या जवळजवळ पाचपट, म्हणजे बाजारभाव देऊन तांदूळ आणला. हा उघड गुन्हा होता. तुरुंगात जावे लागले तर डबा मी पोचवीन, असे किएत त्यांना म्हणाल्याचा किस्सा अजून सांगतात. पुढे हेच किएत पंतप्रधान झाले.

जानेवारी 1981 मध्ये पक्षाने कुटुंबांना कंत्राटाने शेती कसायला देण्याला अर्धवट परवानगी दिली. उत्पादन वाढले, तसा सोसायट्यांनी आपला वाटाही वाढवला आणि शेतकऱ्याचा उत्साह ओसरला. तोट्यातले सरकारी कारखाने पोसायला नोटा छापणे चालूच होते. सप्टेंबर 1985 मध्ये दहा जुन्या डाँगला एक नवा डाँग असे चलन बदलले. आजार नोटांच्या छपाईत आणि उपाय नोटांच्या रंगात! 1986 मध्ये महागाई 700 टक्क्यांच्या वर गेली.

जुलै 1986 मध्ये सरचिटणीस ले झुआन वारले आणि काही महिन्यांसाठी ती खुर्ची आली त्रुओंग चिन यांच्याकडे. प्रांतांत फिरून परिस्थिती पाहिलेल्या या कट्टर माणसाने अधिवेशनाच्या अहवालाचा तयार मसुदा बाजूला ठेवून नवा लिहून घेतला. सुधारणांची वाट त्यातून मोकळी झाली. हे पाहायला किम न्गोक नव्हते. ते 1979 मध्येच वारले होते.

घोषणेनंतरही 1988 च्या उन्हाळ्यात उत्तरेत उपासमार झाली. त्या एप्रिलमध्ये जमीन दीर्घ मुदतीने कुटुंबांकडे देण्याचा ठराव आला. 1989 मध्ये बहुतेक भाव मोकळे केले आणि ठेवींवरचे व्याज महिन्याला 12 टक्क्यांपर्यंत नेले, म्हणजे लोक पैसा घरात न ठेवता बँकेत ठेवतील. त्याच वर्षी देशाने सुमारे 14 लाख टन तांदूळ निर्यात केला. भारताला 1991 च्या संकटात नाणेनिधीचे कर्ज तरी मिळाले. जुनी थकबाकी असलेल्या व्हिएतनामला ते 1993 पर्यंत मिळाले नाही, आणि सोव्हिएत मदत तर 1991 मध्ये संपलीच. सरकारी उद्योगांची संख्या निम्म्यावर आली, लाखो सैनिक आणि कामगार घरी बसले. अमेरिकेने व्यापारबंदी उठवली ती 1994 मध्ये.

एक गोष्ट मात्र सुटली नाही. 1993 च्या कायद्याने जमीन कसण्याचा हक्क विकता, गहाण टाकता, वारसाने देता येऊ लागला. मालकी सरकारचीच राहिली. कारखाने आणि वसाहतींसाठी जमीन घेताना मोबदल्याचा दर सरकारी तक्त्यावरून ठरे आणि तो बाजारभावाच्या बराच खाली असे. हे दर बाजाराच्या जवळ आणणारा नवा भूमी कायदा ऑगस्ट 2024 मध्ये लागू झाला.