रुळांना पाठ लावून उभं असलेलं चर्च

फिनलंडची राजधानी हेलसिंकी. तिच्या उत्तरेला व्हान्ता नावाचं शहर आहे. तिथल्या लौहेला स्टेशनवर उतरलं की रुळांना लगटूनच विटांच्या उंच, अरुंद भिंती एकामागे एक उभ्या दिसतात. हेच म्यूरमॅकी या वस्तीचं लुथरन (प्रोटेस्टंट ख्रिश्चनांचा एक पंथ) चर्च, १९८४ साली बांधून झालेलं.

व्हान्ता मूळचा शेतीवाडीचा मुलूख. प्रार्थनेला लोक सेंट लॉरेन्सच्या १५व्या शतकातल्या दगडी चर्चमध्ये जमत. १९६०नंतर चित्र पालटलं. शेतात ट्रॅक्टर आले, जंगलात यांत्रिक करवती आल्या आणि हातांना काम उरलं नाही. फिनिश खेडी रिकामी होऊ लागली. कुणी स्वीडन गाठलं, कुणी हेलसिंकीच्या आसपास साच्यातल्या काँक्रीटच्या इमारतींत बिऱ्हाड थाटलं. १९७४मध्ये व्हान्ताला शहराचा दर्जा मिळाला, १९७५मध्ये लोकल सुरू झाली आणि म्यूरमॅकी दाटीनं भरलं.

लुथरन चर्चच्या सभासदांकडून तिथे प्राप्तिकरासोबतच चर्चचा कर घेतला जातो आणि माणूस राहतो त्या भागाच्या पॅरिशचा, म्हणजे स्थानिक चर्च-मंडळाचा, सभासद असतो. त्यामुळे नव्या वस्तीला चर्च देणं हे कर्तव्यच होतं. तेही नुसतं प्रार्थनागृह नव्हे. बाप्तिस्मा, अंत्यविधी, पंधरा वर्षांच्या मुलांचे धर्मशिक्षणाचे वर्ग, प्रार्थनेनंतरची कॉफी, सगळं त्यात आलं. गाव सोडून आलेल्यांची शेजाऱ्यांशी ओळख व्हायला अशी जागा लागतेच.

जागा मात्र मिळाली रूळ आणि बाग यांच्यामधली चिंचोळी पट्टी. वास्तुकार युहा लेइविस्का यांनी ही अडचणच कामाला लावली. गाड्यांच्या बाजूला जवळजवळ बंद भिंत घालून आवाज अडवला आणि बागेतल्या बर्चच्या झाडांकडे इमारत खुली केली. आत पांढऱ्या भिंतींच्या मधल्या फटींतून उजेड येतो, पण तो कुठून येतो ते चटकन कळत नाही. ढग सरकला की भिंतीचा रंग बदलतो. छतापासून वेगवेगळ्या उंचीवर लोंबणारे असंख्य छोटे दिवेही त्यांनीच घडवलेले. लेइविस्का उत्तम पियानो वाजवत, आपली वास्तुकला संगीताला जवळची मानत. हे दिवे पाहताना ते पटतं. कागदावर मांडलेले स्वरच जणू. हिवाळ्यात दिवस जेमतेम सहा तासांचा असतो, तिथे उजेडाची एवढी काळजी घेणं म्हणजे माणसांचीच काळजी घेणं, असं मला वाटतं.

देशात आज लुथरन चर्चचे सभासद साठ-पासष्ट टक्क्यांवर आले आहेत. व्हान्तात पाव हिश्शाहून जास्त लोकांची मातृभाषा फिनिश किंवा स्वीडिश या देशाच्या अधिकृत भाषांपैकी नाही. त्या भिंतीमागून जाणारी लोकल २०१५पासून थेट विमानतळापर्यंत जाते.