केव्हीएम खरोखर दुय्यम आहे का?
केव्हीएम आणि व्हीएमवेअरचे ईएसएक्सआय हे हायपरव्हायजर आहेत, म्हणजे एका संगणकावर अनेक व्हर्च्युअल मशीन (आभासी संगणक) चालवणारी सॉफ्टवेअर. महापे-ऐरोलीच्या डेटा सेंटरांत काम करणाऱ्यांमध्येही एक समज टिकून आहे, की ईएसएक्सआय थेट हार्डवेअरवर चालते, तर केव्हीएम लिनक्सवर बसवलेला साधा प्रोग्राम असल्याने मुळातच संथ असते. हे चुकीचे आहे. केव्हीएम २००७ साली लिनक्सच्या २.६.२० या कर्नलमध्येच, म्हणजे त्याच्या गाभ्यातच, समाविष्ट झाले. त्यामुळे कर्नल स्वतःच हायपरव्हायजर बनतो आणि व्हर्च्युअल मशीनच्या बहुतेक सूचना इंटेल किंवा एएमडीच्या प्रोसेसरवर थेट चालतात. खरी तुलना व्यवस्थापनाची करावी: व्हीमोशनसाठी (चालू व्हर्च्युअल मशीन एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवण्याची व्हीएमवेअरची सोय) व्हीसेंटर हे व्यवस्थापन सॉफ्टवेअर स्वतंत्रपणे उभारावे लागते, तर केव्हीएमवर आधारित प्रॉक्समॉक्सच्या क्लस्टरमध्ये (जोडलेल्या सर्व्हरांच्या गटात) कोणत्याही नोडवरून (सर्व्हरवरून) सर्व नोड सांभाळता येतात, मात्र तेथे क्वोरमसाठी (निर्णयाला लागणाऱ्या बहुमतासाठी) किमान तीन मतांची सोय ठेवावी.